वाइन बिघडली आहे का? वासावरून ओळखायची पद्धत आणि बिघाडांची कारणं

मराठीत वासासाठी शब्दांची कमी नाही. कुबट, कोंदट, खवट, आंबूस, करपट, कुजकट, उग्र. वाइनमधला बिघाड ओळखायला बहुतेक वेळा एवढे शब्द पुरतात. अडचण येते ती पुढे. एकच वास दोन वेगळ्या कारणांनी येऊ शकतो, आणि त्यातलं एक कारण पेला चार वेळा फिरवला की संपतं, तर दुसऱ्यामुळे बाटली परत करावी लागते. म्हणून वासाला नाव देण्याची घाई करू नका. अर्ध्या तासात तो वाढतो, विरतो की तसाच राहतो, ते आधी पाहा. निदान त्यावरूनच होतं.

बाटलीआधी पेला तपासा

ठाणे-नवी मुंबईत जून ते सप्टेंबर ही पायरी वगळू नका. खाडीजवळच्या घरात पावसाळ्यात लाकडी कपाट, पडदे, खोकी, सगळ्यालाच ओलसर कुबट वास येतो. कपाटात पालथा ठेवलेला पेला तो वास आत धरून ठेवतो. वाइन ओतली की तो वर येतो आणि चांगल्या बाटलीवर आळ येतो.

रिकामा पेला नाकाशी धरा. कुबट वास आला, साबणाचा आला किंवा ओल्या फडक्याचा आला, तर गरम पाण्यानं धुऊन उघड्यावर सुलटा वाळवा. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर शेवटचं खंगाळणं पिण्याच्या गाळलेल्या पाण्यानं करा. मग त्यात चमचाभर वाइन फिरवून ओतून द्या. यानंतर खरी वाइन ओता, साधारण ५० मिली. पेला एक तृतीयांशपेक्षा जास्त भरला की वास साठायला जागा उरत नाही.

वास घ्यायची जागाही निवडून घ्या. स्वयंपाकघरात फोडणी पडलेली नसावी, उदबत्ती लावलेली नसावी, डासांचं लिक्विड चालू नसावं, केसांत मोगऱ्याचा गजरा नसावा. तापमान १६ ते १८ अंश ठेवा, मग वाइन पांढरी असो वा लाल. फ्रिजमधून नुकतीच काढलेली वाइन आपले दोष लपवते. उलट आपल्याकडच्या ३० अंशांच्या खोलीत लाल वाइनचा अल्कोहोलच नाकात भरतो. लाल बाटली तेवढी गार होईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा. पांढरी बाहेर काढून पेल्यात दहा-पंधरा मिनिटं राहू द्या.

पाच पायऱ्या, याच क्रमानं

पहिली, डोळ्यांनी. बूच असेल तर ते बाटलीच्या कडेपेक्षा वर आलंय का, त्याच्या कडेनं वाइनचा चिकट ओघळ वरपर्यंत गेलाय का, ते बघा. रंग बघा. साध्या, फेस नसलेल्या वाइनमध्ये बुडबुडे दिसतात का, गढूळपणा आहे का, तेही बघा.

दुसरी, पेला न हलवता दोन-तीन लहान हुंगण्या. ही पहिली हुंगणी सर्वांत मोलाची. काही वासांना नाक मिनिटभरात सरावतं आणि मग ते जाणवतच नाहीत.

तिसरी, पेला जोरात फिरवून पुन्हा वास. आता जो वास कमी झाला तो लक्षात ठेवा.

चौथी, पेला तिथेच ठेवून दहा मिनिटं बाल्कनीत जा, मोकळी हवा घ्या, परत या आणि हुंगा. अर्ध्या तासानं आणखी एकदा.

पाचवी, एक घोट. गिळल्यावर वीस सेकंद काही न खाता-पिता थांबा. एक दोष फक्त इथेच सापडतो. तो पुढे येईल.

कुबट वास: टीसीए

पावसाळ्यात भिजलेलं पुठ्ठ्याचं खोकं, तळघर, ओलं कुत्रं. २,४,६-ट्रायक्लोरोअॅनिसोल, म्हणजे टीसीए, या संयुगाचा हा वास आहे. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी १९८२ मध्ये बुचाच्या वासामागे हेच संयुग असल्याचं दाखवलं. बुचाच्या झाडाच्या सालीत किंवा प्रक्रियेत क्लोरीनयुक्त फिनॉल आलं, त्यावर बुरशी वाढली, की ती बुरशी त्याचं टीसीएत रूपांतर करते. लिटरमागे २ ते ५ नॅनोग्रॅम एवढंही सराव असलेल्या नाकाला कळतं. ५ ग्रॅम टीसीए १०० कोटी लिटर वाइन बिघडवू शकेल, असा तो हिशेब आहे.

कुबट वास ठळक असेल तर ओळखायला कष्ट नाहीत. फसगत होते ती कमी मात्रेत. तेव्हा कुबट वास येतच नाही, फक्त फळाचा वास गायब होतो. वाइन मुकी वाटते, चवीला लांबी राहत नाही, आणि पिणारा म्हणतो, ‘ही वाइनच साधी दिसतेय.’ जपानमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की टीसीए नाकातल्या वास घेणाऱ्या पेशींचं कामच दाबून टाकतं. त्यामुळे ओळखीची वाइन आज निष्प्राण लागली तर संशय टीसीएवर घ्या. शक्य असेल तर तीच दुसरी बाटली उघडून शेजारी ठेवा. एवढा खात्रीचा पुरावा दुसरा नाही.

दिशा लक्षात ठेवा: टीसीए हवेनं जात नाही. पेला ठेवून परत आलात की बहुधा जास्तच जाणवतं. सलग हुंगत बसलात तर मात्र नाक सरावतं आणि ‘गेला वाटतं’ असा भास होतो. म्हणून बाल्कनीची फेरी.

उतारा म्हणून पॉलिथिनची क्लिंग फिल्म वाइनमध्ये बुडवतात. पॉलिथिन टीसीए शोषून घेतं हे खरं, पण सोबत चांगले वासही घेतं. शिवाय बाजारातल्या बऱ्याच क्लिंग फिल्म पीव्हीसीच्या असतात. निदान पक्कं करायला प्रयोग जरूर करा, बाटली वाचवायला नाही. अशी वाइन प्यायल्यानं अपाय होत नाही, पण मजाही राहत नाही.

स्क्रू कॅपच्या बाटलीत हा दोष क्वचितच सापडतो. तरी अगदी अशक्य नाही, कारण वाइनरीतल्या ओल्या लाकडातून किंवा पिंपातूनही टीसीए येऊ शकतं. बुचाच्या बाहेरच्या टोकाला बुरशी दिसली म्हणून मात्र घाबरू नका. ती आपल्या दमट हवेची करामत. पुसून टाका आणि पुढे चला.

गंधकाचे वास: उतरणारे आणि न उतरणारे

सर्वांत जास्त चांगल्या बाटल्या याच वासापायी उगाच सिंकमध्ये ओतल्या जातात.

आंबवताना यीस्टला नायट्रोजन कमी पडला की ते हायड्रोजन सल्फाइड सोडतं: उकडलेल्या अंड्याचा, पादेलोणाचा वास. तो वेळीच काढला नाही तर पुढे मर्कॅप्टन आणि डायसल्फाइड तयार होतात. त्यांचा वास जळलेल्या रबराचा, शिजलेल्या कोबीचा, सडलेल्या कांद्याचा किंवा थेट हिंगाचा. स्क्रू कॅपमधून हवा फारच कमी आत जाते, म्हणून अशा बाटल्यांत हा वास टिकून राहतो. नाशिककडच्या बऱ्याच शेनिन ब्लांक आणि सोव्हिन्यो ब्लांक या पांढऱ्या वाइन स्क्रू कॅपमध्येच येतात, तेव्हा पहिल्या हुंगणीला असं काही आलं तर थांबा.

पेला जोरात फिरवा. दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओता. दहा मिनिटं द्या. हायड्रोजन सल्फाइड उडून जातं आणि खालून फळ वर येतं. तसं झालं तर वाइन उत्तम आहे, प्या.

वास राहिला तर देवघरातली तांब्याची पळी घ्या. चिंचेनं लख्ख घासून, धुऊन पुसा. एकाच बाटलीतून दोन पेले भरा. एका पेल्यात पळी मिनिटभर बुडवून ढवळा, दुसरा तसाच ठेवा. तांबं हायड्रोजन सल्फाइड आणि मर्कॅप्टनशी बांधलं जातं, म्हणून पळीच्या पेल्यातला वास स्वच्छ झाला तर दोष त्यांचा. दोन्ही पेले सारखेच वास मारत असतील तर दोष डायसल्फाइडचा असू शकतो, आणि तो घरी निघत नाही. पळीचा पेला चाचणीपुरता. तो पिऊ नका, ओतून द्या. स्टीलची किंवा पितळेची पळी चालणार नाही. चलनातली नाणीही तांब्याची नसतात, ती टाकू नका.

नुकत्याच विझवलेल्या काडीचा, नाकाला झोंबणारा वास मात्र वेगळा. तो सल्फर डायऑक्साइडचा, म्हणजे वाइन टिकवायला घातलेल्या सल्फाइटचा. नुकत्याच भरलेल्या स्वस्त पांढऱ्या वाइनमध्ये तो जाणवतो आणि फिरवल्यावर विरतो.

उन्हानं शिजलेली वाइन

आपल्याकडचा सर्वांत घरगुती बिघाड हाच आहे, आणि बहुतेकदा त्यात वाइनरीचा दोष नसतो. बाटली एप्रिल-मे महिन्यात कसारा घाट उतरून भिवंडीच्या गोदामात येते, तिथून टेम्पोनं दुकानात, आणि दुकानातून तुमच्या गाडीच्या डिकीत. पश्चिमेकडे तोंड असलेल्या घोडबंदरच्या किंवा नेरुळच्या फ्लॅटमध्ये दुपारनंतर भिंतीच तापतात. त्यातच बाटली फ्रिजवर मांडलेली असेल तर खालून मोटारीची ऊबही मिळते. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत पारा ५० अंशांपुढे जाऊ शकतो. तिथे एक दुपारही पुरते.

खुणा अशा: तापून वाइन फुगते आणि बूच एक-दोन मिलीमीटर वर ढकलते, कडेनं ओघळ दिसतो. थंड झाल्यावर वाइन आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. त्यामुळे उष्णतेमागून हवेचा दोषही येतो. लाल वाइनला ताज्या फळाऐवजी काकवीचा, उकळलेल्या मनुकांचा, मुरंब्याचा वास येतो. पांढरीला भाजलेल्या सफरचंदाचा. चव गोडसर भासते, पण मागे काही उरत नाही. स्क्रू कॅपवर ओघळ दिसत नाही, तिथे नाकावरच भिस्त. हा वास हवेनं सुधारत नाही आणि फारसा वाढतही नाही. आहे तसाच राहतो.

पिकून काढलेल्या द्राक्षांच्या शिराझ या लाल वाइनला मुळातच मुरंब्याची छटा असते, म्हणून निव्वळ त्यावरून निकाल देऊ नका. फळामागे ताजेपणा, थोडा आंबटपणा जिवंत आहे का ते बघा. असेल तर वाइन ठीक आहे.

हवा लागलेली

कापून ठेवलेलं, तपकिरी पडलेलं सफरचंद, थोडा अक्रोड. हा अॅसिटाल्डिहाइडचा वास. पांढरी वाइन कोऱ्या चहाच्या रंगाकडे झुकते, लाल वाइन विटकरी होते. कारण सैल किंवा सुकलेलं बूच, सल्फाइट कमी पडणं, किंवा चार दिवस उघडी राहिलेली बाटली. रेस्टॉरंटमध्ये ग्लासनं वाइन मागवताना बाटली कधी उघडली ते जरूर विचारा. शेरी आणि मदेरा या खास प्रकारच्या वाइनमध्ये हाच वास मुद्दाम घडवलेला असतो, तिथे तो दोष नाही. साध्या तरुण वाइनमध्ये आहे. वेळेबरोबर तो वाढतच जातो.

आंबूस आणि नेलपॉलिशचा

हवा मिळाली की अॅसिटोबॅक्टर हे जिवाणू अल्कोहोलचं अॅसेटिक आम्ल करतात, म्हणजेच व्हिनेगर. काढणीच्या हंगामात, जानेवारी ते मार्चमध्ये, अवकाळी पाऊस झाला की मणी फुटतात, त्यावर माश्या बसतात, आणि वाइनरीत पोचण्याआधीच द्राक्ष आंबायला लागतं. अर्धवट भरलेली टाकी हे दुसरं कारण. थोडं अॅसेटिक आम्ल प्रत्येक वाइनमध्ये असतंच. लिटरमागे ०.७ ग्रॅमच्या आसपास ते नाकाला जाणवू लागतं. युरोपीय संघात लाल वाइनला १.२ ग्रॅमची कायदेशीर मर्यादा आहे.

त्याच आम्लाचा अल्कोहोलशी संयोग होऊन इथिल अॅसिटेट बनतं आणि त्याचा वास नेलपॉलिश रिमूव्हरसारखा येतो. बहुतेकदा हाच आधी नाकात जातो. व्हिनेगर घशाच्या मागे चरचरतं, इथिल अॅसिटेट नाकातच बसतं. दोन्ही फिरवून जात नाहीत.

तबेला, खोगीर, बँडएड

लाल वाइनमध्ये घोड्याच्या खोगिराचा, गोठ्याचा किंवा बँडएडचा वास आला तर तो ब्रेटानोमायसिस या यीस्टचा. १९०४ मध्ये कार्ल्सबर्ग ब्रुअरीतले क्लॉसेन यांनी हे यीस्ट इंग्लिश बिअरमध्ये शोधलं, नावातच ब्रिटिश बुरशी असा अर्थ आहे. ते जुन्या लाकडी पिंपांच्या फळ्यांत शिरून बसतं आणि दोन संयुगं सोडतं: ४-इथिलफिनॉल म्हणजे बँडएड आणि गोठा, ४-इथिलग्वायकॉल म्हणजे लवंग आणि धूर. उष्ण प्रदेशातल्या द्राक्षांत आम्ल कमी, पीएच जास्त, आणि जास्त पीएचला सल्फाइटचा जोर उतरतो. म्हणून आपल्याकडच्या वाइनरीला याबाबत जास्त जागं राहावं लागतं.

किंचित लवंगेची, चामड्याची छटा काही जणांना आवडते. आमचं मत असं की फळ दिसतंय तोवर ती शैली, फळ झाकलं गेलं की दोष.

उरलेले दोष

उजेडाचा. पारदर्शक काचेतली पांढरी किंवा रोझे, म्हणजे गुलाबी, वाइन ट्यूबलाइटखाली किंवा उन्हात राहिली की वाइनमधलं रायबोफ्लेविन उजेड शोषतं, मेथिओनिन या अमिनो आम्लाशी अभिक्रिया होते आणि शिजलेल्या कोबीचा, ओल्या लोकरीचा वास येतो. दुकानात अशी बाटली पुढच्या रांगेतली घेऊ नका. खोक्यातली मागा.

उंदराचा. हाच तो गिळल्यावर कळणारा दोष. वाइनच्या आम्लात ही संयुगं उडत नाहीत, म्हणून नाकाला काहीच कळत नाही. लाळेत आम्ल कमी झालं की दहा-वीस सेकंदांनी कुरमुऱ्यांचा, उंदराच्या पिंजऱ्याचा वास घशातून वर येतो. त्यातलं एक संयुग, २-अॅसिटाइल-१-पायरोलिन, आंबेमोहोर आणि बासमतीच्या सुगंधातही असतं. भातात हवंहवंसं, वाइनमध्ये नको. काहींना हा दोष अजिबात जाणवत नाही, म्हणून दोघांनी चाखा. खात्री करायची तर चमचाभर वाइनमध्ये चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून हुंगा. आम्ल उतरलं की वास उघड होतो. सल्फाइट न घातलेल्या वाइनमध्ये हा जास्त सापडतो.

साध्या वाइनमध्ये बुडबुडे, गढूळपणा आणि पावाच्या पिठाचा वास एकत्र असेल तर उरलेल्या साखरेवर बाटलीतच पुन्हा आंबणं सुरू झालं आहे. नुसते चार बारीक बुडबुडे मात्र अनेकदा मुद्दाम राखलेल्या कार्बन डायऑक्साइडचे असतात.

बुचाला किंवा तळाला चिकटलेले खडीसाखरेसारखे चकाकते कण काचेचे नसतात. ते टार्टारिक आम्लाच्या क्षारांचे स्फटिक, थंडीत बसतात, निरुपद्रवी. सोव्हिन्यो ब्लांकमधली ढोबळी मिरची, जुन्या रिसलिंगमधला रॉकेलसारखा वास आणि शार्डोनेमधलं लोणी यांनाही बिघाड म्हणू नका.

घरी सरावाचा संच

स्वस्त पांढऱ्या वाइनची एक बाटली आणि सात-आठ झाकणाच्या काचेच्या बरण्या घ्या.

व्हिनेगरसाठी १०० मिली वाइनमध्ये ४ टक्क्यांचं व्हिनेगर २ मिली घाला. लिटरमागे ०.८ ग्रॅमची भर पडते. शेजारी साधी वाइन ठेवून फरक हुंगा. मग १ मिलीवर या आणि तरी ओळखता येतं का पाहा.

कुबट वासासाठी पुठ्ठ्याचा तुकडा ओला करून बंद बरणीत दोन दिवस ठेवा. तंतोतंत टीसीए नाही, पण दिशा कळते. अंड्याच्या वासासाठी कोमट पाण्यात चिमूटभर पादेलोण. मर्कॅप्टनच्या जवळ जायला दुसऱ्या बरणीत हिंगाचा खडा. सल्फाइटसाठी नुकतीच विझवलेली काडी. नेलपॉलिश रिमूव्हर कापसावर दोन थेंब, पण लेबल वाचा: अॅसिटोनचा नको, इथिल अॅसिटेटचा हवा. बरणी लांबूनच हुंगा आणि तोंडाजवळ नेऊ नका.

हवेच्या दोषासाठी अर्धी बरणी वाइन झाकण सैल ठेवून चार दिवस ओट्यावर. उजेडासाठी दोन लहान पारदर्शक बाटल्या गळ्यापर्यंत भरा, एकीला अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा, दोन्ही बाल्कनीतल्या उन्हात चार तास ठेवा. उष्णता दोघींना साधारण सारखीच लागते, त्यामुळे वासातला फरक प्रामुख्यानं उजेडाचा असतो. बरण्यांना नंबर द्या आणि घरातल्या दुसऱ्याकडून क्रम बदलून घ्या. डोळ्यांनी कळत असेल तर नाक आळशी होतं.

बाटली परत करताना

रेस्टॉरंटमध्ये वेटर चाखायला जी थोडी वाइन ओततो, ती याच तपासणीसाठी. आवडली की नाही हा प्रश्न तिथे नसतो. थंडगार पांढरी असेल तर पेला तळहातात धरून मिनिटभर ऊब द्या, मग हुंगा. शंका असेल तर शांतपणे सांगा, ‘वाइनला बुचाचा वास येतोय, तुम्हीही बघा,’ आणि पेला पुढे करा.

दुकानात परत न्यायची तर किमान तीन चतुर्थांश वाइन बाटलीत हवी. बूच किंवा कॅप, बिल, आणि लेबलवरच्या बॅच क्रमांकाचा व भरण्याच्या तारखेचा फोटो सोबत ठेवा. एक-दोन दिवसांतच जा. आठवड्यानं नेलेली उघडी बाटली आपोआपच हवा लागलेली असते, मग मूळ दोष दाखवता येत नाही. उन्हानं शिजल्याची तक्रार असेल तर बूच उपटण्याआधीच, ते वर आलेलं दिसेल असा फोटो काढा.

पुढची बाटली वाचवायची तर घरातली सर्वांत आतली, बाहेरच्या भिंतीला न लागणारी कपाटाची खालची फळी शोधा. १२ ते १५ अंश आदर्श. ते आपल्याकडे वाइन कूलरशिवाय जमत नाही, तेव्हा दोन-तीन महिन्यांत संपेल एवढंच घ्या आणि मार्च ते जून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. बुचाची बाटली आडवी. फ्रिजची हवा कोरडी असल्यानं बूच तिथे वर्षभर ठेवू नका, सुकतं. उरलेली अर्धी वाइन स्वच्छ लहान बाटलीत गळ्याच्या काठापर्यंत भरून घट्ट झाकली आणि फ्रिजमध्ये ठेवली तर तीन-चार दिवस नीट राहते. वाइन आणि झाकण यांच्यामध्ये हवेला बोटभरही जागा ठेवू नका.